एच म्हणजे हो

प्रिय रुचिरा,

प्रिय वगैरे मला आत्ता काही वाटत नाहीये, पण पत्र असंच सुरू करतात म्हणून लिहिलं. तीन दिवस तुझे फोन उचलले नाहीत. उचलले असते तर शिव्याच दिल्या असत्या, आणि वेसाव्याच्या कोळणीच्या शिव्या तुला झेपल्या नसत्या. सोमवारपासून मला फोनच्या टेबलावर बसवतायत, हे तुला ठाऊक आहेच. आठ वर्षं ह्या ऑफिसात करारांच्या भाषांतरांचं शेवटचं वाचन मी केलं, आणि आता 'नमस्कार, कोणाशी बोलायचंय?' म्हणत बसायचं! धवल सर म्हणाले, सोपं काम आहे, तुला त्रास नाही होणार. डोक्यात अशी तिडीक गेली ना माझ्या!

काय झालं ते तू सगळ्यांना तुझ्या पद्धतीनं सांगितलंस, आता माझ्या पद्धतीनं ऐक. कांदिवलीच्या सोसायटीचा पुनर्विकासाचा करार. सभासदांच्या वकिलानं त्यात एकतीस वाक्यं वाढवली होती, पार्किंगची, भाड्याची, गळतीच्या हमीची. शुक्रवारी मी एकेक वाक्य ऐकलं, इंग्रजीशी ताडलं, निवडलं आणि मंजूर केलं. रविवारी सभेत छापील प्रती वाटल्या तर एकतीसातलं एकही वाक्य नाही. लोक बिल्डरच्या अंगावर धावून गेले, बिल्डर सरांच्या आणि सर माझ्या. एका म्हाताऱ्या काकांना तिथंच चक्कर आली म्हणे. ते ऐकून मला वाटलं, खरंच मीच चुकले.

तुला आठवतं का गं, कीबोर्डवरच्या त्या शॉर्टकट आपण कशा बसवल्या? आठवत नसणारच. एक दुरुस्ती मंजूर करायला मला मेनूतून सात-आठ बटणं दाबत जावं लागायचं, आणि एका करारात दोन-दोनशे दुरुस्त्या. सोप्या वाटणाऱ्या बऱ्याच कळा मला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरनं आधीच अडवलेल्या, त्या दाबल्या की वर्ड गप्प आणि हाच बडबडायला लागायचा. एका शनिवारी आपण दोघी पॅन्ट्रीत बसलो, तू वडापाव खात होतीस, आणि तूच म्हणालीस की कंट्रोल शिफ्ट एच म्हणजे हो, कंट्रोल शिफ्ट एन म्हणजे नाही. मी इतकी हसले होते! हो-नाही, बस्स, इतकं सोपं. त्या दिवसापासून माझा वेग सगळ्या ऑफिसात जास्त. बेचाळीस कळा बसवल्या मी पुढे, पण त्या दोन तुझ्या होत्या.

आणि त्या गुरुवारी, मी जेवायला गेले असताना, तू माझ्या कम्प्युटरवर नवीन लेटरहेड घालायला बसलीस. तुझी नेहमीची कळ चालेना, माझ्या शॉर्टकटमुळे भलतंच काहीतरी व्हायला लागलं. चिडलीस आणि सगळं पहिल्यासारखं करायचं बटण दाबलंस. ते बटण विचारतंसुद्धा, नक्की ना म्हणून! मला सांगितलंस? नाही. वर्डच्या मूळ सेटिंगमध्ये कंट्रोल शिफ्ट एच काय करतं माहितीये? निवडलेला मजकूर लपवतं. मी हो म्हणत गेले आणि एकेक वाक्य कागदावरून गायब होत गेलं. बाकीच्या कळा त्या दिवशी लागल्याच नाहीत, आणि हो म्हटल्यावर माझा स्क्रीन रीडर आधीही काही बोलायचा नाही, त्यामुळे मला कळणार कुठून?

विसरलीस, हे मी माफ केलं असतं. मंगळवारी बाथरूमपाशी तू स्वतः मला म्हणालीस, यार कल्पिता, ते मीच रीसेट केलं, सॉरी. मी म्हटलं, ठीक आहे, चल सरांना सांगू. आणि केबिनमध्ये गेल्यावर तू मूग गिळून बसलीस. बसलीस तर बसलीस, वर तोंड उघडून म्हणालीस काय, तर 'तिला दिसत नाही ना सर, सांभाळून घ्या.' मी शेजारच्या खुर्चीत होते गं! करून सवरून नामानिराळी, आणि वर दया!

कॉलेजात असताना जुहूला तो भेळवाला तुला विचारत होता, 'इनको तीखा चलेगा क्या?' तू केवढी भडकलीस त्याच्यावर. तिलाच विचार, तिला तोंड आहे, म्हणून सगळ्या चौपाटीसमोर ओरडलीस. मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, मला मैत्रीण मिळाली. आई आजही बाजारातून आली की तुझ्यासाठी बोंबील बाजूला काढते. तिला अजून काही सांगितलं नाहीये मी.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. लपलेली एकतीसही वाक्यं काल मी बाहेर काढली. सगळी जागच्या जागी, एक काना-मात्रा चुकलेली नाही. ती फाईल घेऊन उद्या अकरा वाजता मी सरांकडे जाणार आणि कोणी काय दाबलं ते तुझं नाव घेऊन सांगणार. माझ्या मागून सांगितलं असं तू म्हणू नयेस म्हणून आजच कळवतेय. साडेदहाला तू स्वतः जाऊन सांगितलंस तर मला बोलावं लागणार नाही. मला वाचवायला येऊ नकोस, खरं सांगायला ये. दिसत नाही म्हणून मला बाजूला बसवणारी तू काही पहिली नाहीस, रुचिरा. ती माणसं मी एका संध्याकाळीत विसरते. तुला विसरता येत नाहीये, त्याचाच मला जास्त संताप येतोय.

उद्या साडेदहापर्यंत तरी तुझीच,
कल्पिता