तहाची पंगत

आईस,
घरच्या अग्नीला आणि तुला मिहरकचा नमस्कार.

आपला आणि रोमनांचा तह झाला. मध्यस्थी मदिनेच्या मुसलमानांनी केली. काल सरहद्दीवर दोन्ही फौजा एका पंगतीला बसल्या. आपण इराणी जेवताना बोलत नाही, तर रोमन घाबरले. त्यांना वाटलं, अन्नात विष आहे. मदिनेचा सलीत हसून म्हणाला, "अहो, यांची रीतच आहे ती. जेवा आता." आणि पहिला घास त्यानंच घेतला.

कैदी सुटले. त्यांच्यात आपला धाकटा फर्रुख भेटला. वाळलाय, पण धड आहे. भरल्या तोंडानं सारखा बडबडत होता.

तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही दोघं निघतोय. फर्रुख पानावर बोलला तर रागावू नकोस. इतकी वर्षं तो कोठडीत एकटाच जेवलाय.

तुझा,
मिहरक