नीट उभं राहण्याचा कोर्स

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ताठ. म्हणजे अगदी आजपासून नाही, उद्या सकाळपासून. पण निर्णय आजचा.

कारण लिहून ठेवतो, नंतर घोळ नको. शनिवारी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर हिला सांगितलं की सोमवारपासून येऊ नकोस, काचा बसवायच्या टेबलावर आता माझी सून बसेल. लग्न झाल्यापासून ही त्या टेबलावर बसलीय. हिने माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखा काउंटरला टेकून उभा होतो. घरी येऊन हिने बॅग भरली. माझ्यासाठी निदान नीट उभं तरी राहायचं होतंत, एवढंच म्हणाली आणि बहिणीकडे गेली. नीट उभं राहता आलं की कळवा, असंही म्हणाली.

रविवारी आरशात बाजूने पाहिलं. हिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कंबर पुढे, छाती मागे, मान पुन्हा पुढे. इतकी वर्षं हिने हे कसं सहन केलं, देव जाणे.

६ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ

फिजिओ बाईंकडे गेलो. लहान आहेत वयाने. आम्हाला मुलगी असती तर साधारण एवढीच असती. दुखतंय कुठे, असं विचारलं. म्हटलं, दुखत काहीच नाही, बायको गेलीय. बाईंनी फॉर्मवरचा एक रकाना रिकामाच सोडला. मग म्हणाल्या, हरकत नाही, व्यायाम सगळ्यांनाच चांगला.

निदान: स्वे बॅक. म्हणाल्या, काका, तुम्ही उभे राहत नाही, स्वतःच्याच सांध्यांवर लटकता. स्नायू आरामात असतात. कशाला तरी टेकायची सवय आहे का? म्हटलं, काउंटर. आणि घरी? आठवेना. घरी हीच असायची.

व्यायाम: भिंतीला पाठ लावून उभं राहणे. प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि चवड्यांवर अंग उचलून धरणे. पाठीवर झोपून कंबर उचलणे, त्याला ब्रिज म्हणतात. मांडीच्या मागच्या शिरा ताणणे. सवयी: गुडघे मागे ढकलून ताठरवायचे नाहीत, वजन दोन्ही पायांवर, कशालाही टेकायचं नाही. सगळं सोपं आहे. पंधरा दिवसांत ही परत.

९ फेब्रुवारी, शनिवार

प्लँक केला. करणार होतो. आधी सतरंजी सापडली नाही. ती कुठे असते हे हिलाच माहीत. मग थेट फरशीवर करायला गेलो, फरशी गार. गार फरशीवर स्नायू आखडतात, हे कुठेतरी वाचलंय.

ब्रिज मात्र केला. पाठीवर पडलं की छत दिसतं. कोपऱ्यात केवढी जळमटं. हिच्या लक्षात कशी आली नाहीत?

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात दिवसभर टेकलो नाही. दादाने विचारलं, पहारेकऱ्यासारखा काय उभा आहेस? मी पोश्चरचं महत्त्व समजावलं. तो म्हणाला, मग त्या कोपऱ्यात उभा राहा, शोकेस झाकली जातेय. कोपऱ्यात राहिलो. कोपऱ्यात दोन बाजूंनी भिंत मिळते, सरावाला उत्तमच.

दुपारी दादाच्या सुनेला बिनकडांच्या चष्म्याची काच बसेना. स्क्रू आवळला की काच तडकायची. गिऱ्हाईक खोळंबलेलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हिला फोन लावून विचारलं. हिने सगळं शांतपणे सांगितलं, किती आवळायचं, कुठे थांबायचं. मग म्हणाली, दुकानातून बोलताय? म्हटलं, हो, दादा शेजारीच आहे. फोन कट झाला. मेहुणीने हाक मारली असणार.

कामापुरतं का होईना, बोलणं झालं. चांगली खूण आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रगती. भिंतीला उभं राहिलं की आता टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं टेकतं. शेजाऱ्यांकडून बाजूने फोटो काढून घेतला आणि हिला पाठवला. खाली लिहिलं, फरक बघ. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. हिच्या फोनला नेट कमी असतं.

जेवायला दोन ताटं घेतली गेली. एक परत ठेवलं. मग बराच वेळ ओट्याला टेकून उभा होतो. हे धरायचं नाही, व्यायामाच्या वेळेबाहेर होतं.

२ मार्च, शनिवार

ही दुकानात आली. हत्यारं न्यायला. बारीक चिमटे, स्क्रूड्रायव्हर, भिंग. दादा म्हणाला, हत्यारं दुकानाची आहेत. ही म्हणाली, माझी आहेत. दादा म्हणाला, पुरावा? मग ही माझ्याकडे वळली. तुम्हीच सांगा, म्हणाली.

मला पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर हिच्यासोबत मीच गेलो होतो घ्यायला. हिने एकेक चिमटा उजेडात धरून टोकं जुळतात का पाहिली होती आणि मी कंटाळलो होतो.

दादाही माझ्याकडे बघत होता. सगळं लक्षात होतं: कान खांद्यांच्या रेषेत, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर. कशालाही टेकलो नाही. इतका सरळ मी आयुष्यात उभा राहिलो नसेन.  शेवटी हिला म्हटलं, पाणी देऊ का?

हिने चिमटे काउंटरवर ठेवले, अगदी ओळीत, आणि गेली. काचेच्या दारातून पाठमोरी दिसली. हिचं पोश्चर मुळातच चांगलं आहे.

दादा म्हणाला, बरं झालं तू मध्ये पडला नाहीस. जेवलो नाही. व्यायामही नाही.

११ मार्च, सोमवार

कोर्स संपला. फिजिओ बाईंनी पहिल्या दिवशी काढलेला फोटो आणि आजचा शेजारी ठेवून दाखवले. म्हणाल्या, एवढा फरक फार कमी लोकांत दिसतो, आता काकूंना बोलवा.

बाहेर येऊन फोन केला. म्हटलं, आता नीट उभं राहता येतं. ती म्हणाली, मी पाठीबद्दल बोलत नव्हते, आणि हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी हो म्हटलं. मग पलीकडे रडण्याचा आवाज आला. मलाही रडू आलं, पण रस्त्यात होतो.

म्हटलं, मी आज दादाशी बोलतो, आत्ता जातो. ती म्हणाली, आता नको. बाजारातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडे तिला काम मिळालंय, तिथे तिचं स्वतःचं टेबल आहे. खोलीही बघितलीय. वेळेवर जेवत जा, म्हणाली.

दादाकडे गेलो नाही. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.

आजचं वर लिहिलेलं वाचून पाहिलं. सगळीकडे ही ऐवजी ती लिहिलंय. लग्न झाल्यापासून ही म्हणत आलो, दुसरं काही कधी तोंडात आलं नाही. खोडून पुन्हा ही करायला बसलो. पहिल्याच ओळीपाशी थांबलो. तसंच राहू दिलं.