वाटणीत राहिलेला पूल

नाना, पिंपळनेरकडे जाताना आडवाटेला लागतो तो तुमचा दगडी पूल अजून उभा आहे. हे आधीच सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. माझी लेक पलीकडच्या गावात शिक्षिका आहे. रोज सकाळी स्कूटीने त्या पुलावरून जाते. ती पोचल्याचा फोन आल्याशिवाय मी पोळ्या लाटायला घेत नाही. ती हसते. म्हणते, "आजोबांनी सांभाळलेला पूल ना आई, मग पडेल कसा?"

तुम्ही सांभाळायचात हे खरंच. पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही मुकादमाला घेऊन कमानींखाली उतरता, आणि मी चपला हातात धरून काठावर उभी असते. तुम्ही लहान हातोडीने एकेक दगड ठोकता, कान लावता. "साहेब, हाऊ दगड पोकळ बोली राह्यना," मुकादम म्हणतो. तुम्ही तिथे खडूने फुली मारता, आणि पाऊस लागायच्या आत त्या फटीत चुना भरलेला असतो. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या पुलांखाली कोणाचे तरी वडील असेच कान लावून उभे असतात.

मग खात्याची वाटणी झाली. तोवर रस्ते, इमारती, धरणं, पाट सगळं एकाच बांधकाम खात्याचं होतं. सरकारने त्याची दोन खाती केली. धुळ्याच्या तुमच्या ऑफिसात मधोमध कपाटांची भिंत उभी राहिली. टाइपरायटर, खुर्च्या, शिपाई, पाण्याचे माठसुद्धा वाटले गेले. तुम्ही गेलात पाटबंधाऱ्याकडे, आपलं क्वार्टर राहिलं रस्ते-इमारतींकडे, म्हणून आपल्याला घर सोडावं लागलं. त्या पुलाचे खांब बंधाऱ्यावर उभे. बंधारा तुमच्या खात्याला मिळाला, रस्ता त्यांच्या. खांब आणि कमानी कोणाच्या, हे लिहायचं राहून गेलं. आई स्वयंपाकघरात डबे बांधता बांधता म्हणाली, "आमच्या भावकीत वाटणीला डोकी फुटली, पण विहीर कोणाची ते तरी ठरलं." तुम्ही खूप हसलात. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तरीही पुलाखाली गेलात. पुलावर रस्ते खात्याच्या साहेबांची जीप थांबली. साहेब कठड्यावरून वाकून म्हणाले, "तुम्ही आता पाटबंधाऱ्यात. पुलाखाली तुमचं काय काम?" तुम्ही खालूनच म्हणालात, "मग तुमचा माणूस पाठवा, साहेब." "पाठवू. आधी पूल आमच्या यादीत तर येऊ द्या." जीप गेली. मुकादमाने विचारलं, "साहेब, मंग हाऊ पूल आते कोना शे?" तुम्ही नदीत हात धुतलेत, बोटांवरचा खडू जाईपर्यंत. वर्ष सरायच्या आत तुमची बदली जळगावला झाली. तिथे मी सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत जाऊ लागले आणि भीती वाटली की म्हणायची एक प्रार्थना शिकले. त्या पुलावरून जाताना मी ती अजून पुटपुटते.

या उन्हाळ्यात मी खाली उतरले. पदर खोचून, काठी टेकत. वरून वाळूचा डंपर गेला तशी कमानीतून माती झडली आणि पाण्यावर पिठासारखी पसरली. डंपर दूर गेला तरी ती झडतच होती. मी एक गोटा उचलून खांबाचे दगड ठोकून पाहिले. सगळे सारखेच बोलले. सगळे चांगले आहेत की सगळे पोकळ, मला कळेना. चांगल्या दगडाचा आवाज कसा असतो, तेच आता मला आठवत नाही, नाना.

मग दोन्ही ऑफिसांत गेले. पाटबंधाऱ्यातला कारकून म्हणाला, "मावशी, बंधारा आमचा. त्याच्या वरचं आमचं नाही." रस्त्यांच्या ऑफिसात एक तरुण इंजिनियर होता, गोड स्वभावाचा. त्याने मला खुर्ची दिली, कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. "हे बघा, रस्ता या काठाला संपतो. आणि पलीकडच्या काठाला सुरू होतो."

"आणि मध्ये?" मी विचारलं.

"मध्ये नदी," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता. त्याला तेवढंच दिसत होतं.

लेकीला म्हटलं, लांबच्या रस्त्याने जात जा. म्हणाली, "मग मी मधल्या सुट्टीतच पोचेन, आई." काल नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला. आज ती निघाली तेव्हा पाणी गढूळ होतं.

तुम्ही नसताना हे पत्र कुठे टाकणार? पण एक गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगवत नाही. त्या इंजिनियर मुलाने पूल तपासा म्हणून केलेला माझा अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. ती पर्समध्ये ठेवून जिना उतरताना मला हायसं वाटलं. पुलाला कोणी हातही लावला नव्हता, नाना, आणि मला हायसं वाटलं.