तबला कुणी दिला तुझ्या हातात?

प्रिय दादा,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. तू होतास तेव्हा फोन केला तरी "कामात आहे, नंतर बोलू" एवढंच ऐकायला मिळायचं. पण आज दुपारी वेई लिंगने व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं आणि माझं डोकंच फिरलं. आता कुणाशी बोलू? ज्याच्यामुळे फिरलं त्याच्याशीच बोलते.

वेई लिंग म्हणजे ती भिंती रंगवणारी, तुमच्या बँडची पोस्टरं करायची ती मुलगी. लिटिल इंडियातल्या मागच्या गल्लीत तुम्ही दर शुक्रवारी वाजवायचात ना, त्या जागेच्या भिंतीवर ती तुझं मोठं चित्र काढणार आहे. सोमवारपासून रंग लावायला घेईल. तुझ्या बँडमधल्या केल्विन आणि सुरैयाने मिळून ठरवलं हे. ऐकून मला रडूच आलं होतं. आणि मग तिचं कच्चं चित्र आलं. त्यात काय असावं? तू मांडी घालून बसलायस आणि पुढ्यात तबला!

तबला! अरे, जन्मात कधी तबल्याला बोट तरी लावलंस का?

मी तिला लगेच फोन केला. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "तो इंडियन ना? सगळे म्हणायचे, त्याच्या रक्तात तबला आहे. आणि वाजवायच्या आधी तो ड्रमवरून हात फिरवायचा, मी व्हिडिओत पाहिलंय. तबल्याला नमस्कार करतात तसंच ना ते?"

सगळे म्हणायचे आणि तू नुसता हसायचास! इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात वैद्य वहिनींनी माझ्यासमोर विचारलं होतं, "तुमच्या घरात शास्त्रीय संगीत असणार, हो ना?" तर तू चक्क मान डोलावलीस. माझ्या तोंडातला पुरीचा घास तोंडातच राहिला. काय म्हणावं तुला!

आणि दुसऱ्यांच्या बाबतीत? कुणी म्हणू दे की ब्लूज म्हणजे उदास मंडळींचं गिटार, तू कार्यक्रम थांबवायचास. लोक बियर घेऊन बसलेले, केल्विन गिटार गळ्यात अडकवून ताटकळत उभा, आणि तुझा माइक सुरू. आफ्रिकेतून साखळदंडात बांधून जहाजांत कोंबलेली माणसं. मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले, तर मांडीवर थापा मारून, पाय आपटून त्यांनी ताल धरून ठेवला. पुढे त्यांची नातवंडं मोठमोठ्या हॉटेलांत वाजवायला लागली, पण आत यायचं ते मागच्या दारानं, गोऱ्यांना नाचवायचं आणि जेवायला मात्र त्या हॉलमध्ये बसायचं नाही. "हे ठाऊक नसेल तर गाणं ऐकू नका," असं गिऱ्हाइकांना सुनावायचास तू! केल्विन दर वेळी विनवायचा, "ब्रदर, लेक्चर शॉर्ट लाह." ऐकलंस कधी?

ती मागच्या दाराची गोष्ट तू पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा मी आणि माझी लेक मैत्री अगदी पुढे बसलो होतो. मला वाटलं, आता बोलणार हा. आता सांगणार की माझे आजोबाही, आमचे आबा, असेच वाजवायचे. आबांच्या हलगीशिवाय गावात एक नवरदेव कधी वेशीतून आत आला नाही. आणि पंगत बसली की आबा मांडवाच्या बाहेर. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं टोपलीत घालून मिळायचं. किती वेळा ऐकलंय आपण त्यांच्या तोंडून! मी जीव मुठीत धरून तुझ्याकडे बघत होते. तू घोटभर पाणी प्यायलास, ड्रमवरून तळवा फिरवलास, काठ्या उचलल्यास आणि म्हणालास, "वन, टू, थ्री, फोर." धरली तोंडात मिठाची गुळणी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

परतताना एमआरटीच्या गाडीत मी किती भांडले तुझ्याशी. तू म्हणालास, "सुमे, इथे मी नुसता इंडियन आहे. कुणी गाव विचारत विचारत आडनावावर येत नाही. किती मोकळं वाटतं, तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं? तू नवा इथे आलास तेव्हा हौगांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आपल्याच भाषेची मुलं होती तुझ्याबरोबर. त्यांना जात कळली आणि तुझं ताट गुपचूप वेगळ्या कप्प्यात गेलं. कुणी काही बोललं नाही. तूही नाही. ते मला एकटीलाच सांगितलंस आणि वर शपथ घातलीस, की मंडळात कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही, आणि पोरं बोलून जातात म्हणून मैत्रीपाशीही नाही. मी पाळली रे. बँकेत भल्याभल्यांना तोंडावर नाही म्हणणारी मी, तुझ्यासाठी गप्प बसले. तुझं ते ताट डोळ्यासमोर यायचं ना, म्हणून.

आपल्या वडिलांचं, अण्णांचं मला पटतं. "हे वाजवणं आपल्या माथी मारलेलं आहे, पुस्तकं धरा," असं म्हणून त्यांनी हलगी माळ्यावर टाकली. पण त्यांनी ते चावडीपुढे उभं राहून, साऱ्या गावाला ऐकवून सोडलं. आणि तू? अण्णा कामावर गेले की परसात आबांकडून चोरून शिकायचास! दोघं मिळून जाळ करायचात, हलगी त्यावर शेकायचात आणि कातडं ताणलं का ते तळवा फिरवून बघायचात. तेच रे ते हात फिरवणं! प्लॅस्टिकच्या ड्रमला डोंबलाचा शेक लागतोय? पण तुझा हात विसरला नव्हता. तू गप्प राहायचास आणि हात दर शुक्रवारी चुगली करायचा.

आणि मग गेलास. जुरोंग आयलंडहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, बसल्या जागी. ना निरोप, ना भांडणाचा निकाल. आता शपथ मागे घे म्हणायचं तरी कुणाला?

मघाशी मैत्री माझ्या खांद्यावरून चित्र बघत होती. म्हणाली, "मामा प्लेड तबला मेह?" मी म्हटलं, नाही. "देन व्हाय ही नेव्हर टेल देम? मामा ऑल्वेज टेल एव्हरीबडी एव्हरीथिंग लाह!"

दे आता उत्तर! तुझ्यामुळे त्या पोरीला जहाजं पाठ आहेत, मागचं दार पाठ आहे. स्वतःच्या पणजोबांचं नाव तिला माहीत नव्हतं, दादा. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

मग मी सांगितलं. स्वयंपाकघरात खालीच बसून सगळं सांगितलं. हलगी, मांडव, अण्णांची चावडी, तुझं ताटसुद्धा. शेवटी तिने पणजोबांचं नाव विचारलं आणि नीट जमेपर्यंत म्हणत राहिली. मग मराठीत म्हणाली, "आई, तो तबला पुसायला सांग." चूक न करता म्हणाली रे!

मी वेई लिंगला पुन्हा फोन लावला. हलगी कशी असते, डाव्या हातात छातीशी कशी धरतात, एक काठी जाड, एक बारीक, सगळं समजावलं. तिने विचारलं, "आणि तो फिरवणारा हात?" मी म्हटलं, "हात तसाच ठेव. त्याच्याखाली फक्त जाळ काढ."

भिंत पुरी झाली की बँड गल्लीतच वाजवणार आहे. मंडळाची माणसं येतील, वैद्य वहिनीही येतील. केल्विन म्हणाला, "सिस्टर, यू डू द लेक्चर. शॉर्ट, कॅन?" मी म्हटलं, "कॅनॉट."

तेव्हा ऐक, दादा. तुझी शपथ मी मोडतेय. रागावायचं तर रागाव, ऐकून घेईन. पण तिच्या बदल्यात एक वचन देते. आधी तुझीच गोष्ट सांगेन, जहाजांपासून मागच्या दारापर्यंत, एक शब्द न गाळता. आणि तू जिथे थांबून पाणी प्यायचास, तिथे मी पाणी पिणार नाही. तिथून पुढे आबांचं नाव घेईन.

तुझ्याशी भांडायची अजून हौस न फिटलेली,
सुमी