खांद्यावरचा तुकडा

प्रिय ओताकार,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. तुझं पार्सल मंगळवारी संग्रहालयात पोचलं. वर अक्रोड, खाली कापसात मडक्याचा तळहाताएवढा तुकडा आणि चिठ्ठी: “ब्लाजेना, निवृत्तीच्या शुभेच्छा. हा तुझाच आहे.” एकतीस वर्षं ज्याची जागा मी प्लास्टरने भरून ठेवली आहे, तो तुकडा मला ओळखू येणार नाही का?

त्या उन्हाळ्यात बिटाच्या शेतातल्या उत्खननाच्या खड्ड्यात आपण दोघंच होतो. मडक्याच्या खांद्यावरचा एवढाच तुकडा मिळेना, म्हणून मी तीन दिवस माती पुन्हा चाळली. तू शेजारी बसून खसखशीचा पाव खात म्हणालास, “अगं, नांगराने नेला असेल, सोड आता.” आणि तो तुझ्या खिशात होता. लाज कशी वाटली नाही तुला?

भरलेली जागा कोरी ठेवायची, हा आपल्या कामातला नियम मला पाठ होता. तरी मी प्लास्टरवर नागमोडी रेघ पुढे ओढली, कारण दोन्ही टोकं अगदी समोरासमोर होती. ती चूक माझी. पण आपले संचालक हाव्रानेकसाहेब यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “काय बाई, सात हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारणीला तुम्ही शिकवणार?” तेव्हा तू खाली मान घालून बसलास. मला अकरा वर्षं खापरं धुवायला बसवलं. तू बढती घेऊन ब्रनोला गेलास.

काल तुकडा दिव्याखाली धरला. त्या कुंभारणीची रेघ माझ्या रेघेसारखी सलग जात नाहीच. मध्येच हात चुकलाय. चुकलेली रेघ तिने तशीच ठेवली आणि बाजूने नवी सुरू केली. शेजारी अंगठ्याचा ठसाही आहे. तिला चूक लपवावीशी वाटली नाही, आणि तू एकतीस वर्षं लपवलीस.

चिठ्ठीच्या मागे लिहिलंयस, लग्नाचं विचारताना तो तुकडा मला द्यायचा होता, मग धीर झाला नाही. विचारलं नाहीस याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आता नाही. पण शुक्रवारी माझा निरोप समारंभ आहे. जुने सगळे येणार आहेत, साहेबसुद्धा, काठी टेकत. मडकं टेबलावर असेल. प्लास्टर मी अजून काढलेलं नाही. तू ये, आणि तुकडा कुणाच्या खिशात होता ते आपल्या तोंडाने सांग. मगच मी छिन्नी उचलीन. आला नाहीस, तर तुझी चिठ्ठी मी वाचून दाखवीन, मागची बाजूसुद्धा.

कधीकाळी तुझीच होऊ पाहणारी,
ब्लाजेना