बंद फाटकाचा प्रश्न

सोमवार, ६ फेब्रुवारी

कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या! मी! पस्तीस वर्षं मुलांना बजावलं, वाचल्याशिवाय कशाखालीही नाव लिहू नका. आणि आज खासदार म्हणून पहिल्याच दिवशी बारा कोऱ्या अर्जांवर सह्या ठोकून मोकळी झाले.

सचिव म्हणाले, "सगळेच नवे सदस्य देऊन ठेवतात, मॅडम. अर्ज सकाळी दहाच्या आत लागतो. ऐन वेळी आपण कुठे आणि सही कुठे!" आवाज इतका हळू की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. पुढे वाकलेला माणूस मान डोलावतोच. मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवून टाकलं — मऊबुवा. माझ्या आधीच्या खासदारांकडे हे नऊ वर्षं होते. म्हणजे ज्यांना मी पाडलं, त्यांच्याकडे! टेबल-कपाटासारखे खोलीबरोबर मिळाले.

संध्याकाळी घरी ह्यांना फोनवर सांगितलं तर हसायला लागले. "अगं, तुला भिंतीवरच्या पालीतसुद्धा हेर दिसतो." दिसतो! शाळेत कॉपी करणारी पोरं कोण पकडायचं? हे नाही, मीच.

बुधवार, ८ फेब्रुवारी

पहिला प्रश्न दिला. आपल्या फाटकाचा.

रेल्वेने फाटकाला कुलूप घातलं त्याला दोन वर्षं झाली. पलीकडे चारशे घरं, अलीकडे शाळा आणि दवाखाना. मधे मालगाडी तास-तास उभी. पोरं डब्याखालून सरपटत शाळेत येतात. दवाखान्यातली नर्स — माझीच विद्यार्थिनी, सातवी ब — तीही औषधांची पिशवी पुढे ढकलत डब्याखालून जाते. मागच्या थंडीत एका बाळंतिणीला चादरीत घालून खालून ओढत आणलं. ती अलीकडे आली आणि गाडी हलली. नर्स मला हे सांगत होती तेव्हा तिच्या कोपरांवरचं खरचटलेलं अजून ओलं होतं.

"बाई, भुयारी रस्ता झालाच पाहिजे," ती म्हणाली होती. "कुणीतरी मेल्यावर नको, आधी." तिच्यामुळे मी निवडणुकीला उभी राहिले. तिला शब्द दिलाय. प्रचारातली बाकीची भाषणं गेली चुलीत.

अर्ज मऊबुवाच घेऊन गेले. नेण्याआधी दोनदा वाचला. दोनदा कशाला?

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज एक गंमत केली. फक्त मऊबुवांना सांगितलं — उद्या अकराला न कळवता रेल्वेच्या कार्यालयात धडकणार. आता बघू.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

रेल्वेचे साहेब दारात स्वागताला उभे! टेबलावर चहा, बिस्किटं, फाटकाची फाइलसुद्धा! "आपल्या सचिवांचा फोन आला होता ना."

अस्सं!

मऊबुवांना विचारलं, तर म्हणे, "साहेब दौऱ्यावर निघाले होते, मॅडम. थांबवून ठेवलं." सारवासारव कशी करावी ते यांच्याकडून शिकावं. आणि फाइलमधली पानं एकूण एक जागच्या जागी होती. सरकारी फाइल इतकी नीट कधी असते का? आधी कुणीतरी हात फिरवलाय.

सोमवार, १३ फेब्रुवारी

उपाहारगृहात मऊबुवा आणि पांढऱ्या मिशांचे एक जुने सदस्य. आपल्या बाजूचेही नाहीत ते! कोपऱ्यातलं टेबल, डोक्याला डोकं लावून कुजबुज. मी आत शिरले तसे दोघंही गप्प.

"काय चाललंय?"

"काही नाही, मॅडम."

बाकाखाली चिठ्ठी असली की वर्गातूनही असंच उत्तर यायचं. काही नाही, बाई. काही नसलं तर माणूस कशाबद्दल काही नाही म्हणेल?

मंगळवार, १४ फेब्रुवारी

दिवसभर मतदारसंघात. फोन बंदच ठेवला. कोण कान लावून बसलंय कोण जाणे.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

पकडलं!

सोमवारच्या प्रश्नांची यादी आली. वरपासून खालपर्यंत तीनदा बोट फिरवलं. माझा प्रश्नच नाही! तशीच प्रश्नशाखेत गेले. तिथल्या कारकुनाने एक कागद पुढे केला — 'प्रश्न मागे घेत आहे.' खाली सही. माझी! त्या बारांतली एक. कारकून म्हणाला, "सही आपलीच ना, मॅडम?" काय सांगणार? आपलीच.

खोलीत येऊन मऊबुवांना समोर उभं केलं. "कुणाच्या सांगण्यावरून मागे घेतला?"

"मॅडम, त्यात एक नियम आहे —"

"नियम मला शिकवू नका!"

इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. उरलेले अर्ज त्यांच्या हातून काढून घेतले. सांगितलं, यापुढे बाहेर बसायचं, माझ्याशी बोलायचं नाही. म्हणाले, "एवढं ऐकून घ्या." नाही ऐकलं. असल्या साळसूद तोंडांना मी आयुष्यभर ऐकत आलेय.

हे म्हणाले, "अगं, त्या माणसाला बोलू तरी द्यायचंस." घरी पाय पसरून न्यायनिवाडा करायला काय जातं!

रविवार, १९ फेब्रुवारी

नर्सचा फोन. "बाई, उद्या फाटकाजवळच्या टपरीवर टीव्ही लावणार आहोत. आपला प्रश्न येणार ना?" प्रश्न नाही हे सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "बघा तर खरं." फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

सोमवार, २० फेब्रुवारी

जसं घडलं तसं आजच लिहून काढते. नाहीतर उद्या मीच ते माझ्या सोयीने आठवेन.

प्रश्नोत्तरांचा तास. चौथा प्रश्न पुकारला — पांढऱ्या मिशांचा. विषय, रेल्वेची बंद फाटकं! माझा विषय त्यांच्या तोंडी! तेवढ्यात शिपायाने चिठ्ठी आणून दिली. घडीवर मऊबुवांचं अक्षर. उघडलीच नाही, फायलीखाली सरकवली. पांढऱ्या मिशा वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. हाताने खूण — उठा, उठा. वा! म्हणजे मी उठायचं, आणि यादीत नाव नसताना मधे बोलते म्हणून चारचौघांत माझं हसं व्हायचं. मी काय दुधखुळी आहे?

अध्यक्षांनी विचारलं, "याच विषयावर आणखी कुणाला?" दोघं उठले. आपापल्या फाटकाचं नाव घेऊन बसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. थांबले. पुन्हा पाहिलं. मी ताठ बसून राहिले. खरं लिहायचं तर त्या क्षणी मी स्वतःवर खूष होते.

मग मंत्री म्हणाले — ज्या फाटकांची मागणी स्थानिक सदस्यांनी आज इथे केली, तिथले भुयारी रस्ते याच वर्षी घेऊ. बाकीच्यांचा विचार पाच वर्षांनी.

आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. तेव्हा चिठ्ठी उघडली. अक्षर बारीक, ओळी सरळ.

'मॅडम, आपला प्रश्न सोडतीत अठ्ठ्याऐंशीवा आला. तोंडी उत्तर पहिल्या विसांनाच मिळतं. आपल्याला लेखी उत्तर देऊन त्यांनी विषय मिटवला असता, आणि या अधिवेशनात तो पुन्हा काढता आला नसता. म्हणून मागे घेतला. मुदत मंगळवारपर्यंतच होती, आपला फोन लागला नाही. तरी विचारायला हवं होतं, चुकलो. यांचा प्रश्न चौथा आला, विषय तोच. त्यांना विनंती केली, त्यांनी मंत्र्यांशी बोलून ठेवलंय. आपण फक्त उठा आणि आपल्या फाटकाचं नाव घ्या.'

उठायचं आणि एक नाव घ्यायचं. एवढंच होतं! दोनदा वाचली. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

बाहेर मऊबुवा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. माफी मागायची होती. "उद्या वेळेवर या," एवढंच बोलले. ते म्हणाले, "बरं, मॅडम."

मंगळवार, २१ फेब्रुवारी

नर्सचा फोन. आवाज परका.

"बाई, सगळ्यांनी बघितलं. पलीकडची माणसंसुद्धा डब्याखालून येऊन बसली होती. अध्यक्ष तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही गप्प. कुणी गप्प बसवलं तुम्हाला?"

"कुणीच नाही गं."

ती म्हणाली, "तुम्ही असंच सांगाल, असं सगळे म्हणतच होते."