दोनच रकाने

५ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मंगळवार, ३ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. कारखान्याच्या माडीवरच्या खोलीत, हिशेबनीस आणि वकील यांच्यासमोर, तू मला म्हणालास की हे तुझ्या डोक्यावरून जाईल ताई, तू फक्त सही कर. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला, कोण कधी उद्धटपणे बोललं, हे टिपून ठेवायची सवय असते. वकील खोकल्याच्या निमित्ताने हसले, तेही टिपलं आहे.

बाबांचा बटणांचा कारखाना तू त्या कपड्यांच्या चेन बनवणाऱ्या कंपनीला विकायला निघालास. नवं साचायंत्र घेतलं तर कारखाना चालेल, असं मी म्हणाले. तू एक कागद फडफडवलास, हिशेब बसत नाही म्हणालास आणि कागद खिशात घातलास. कारखान्याचे अर्धे भाग माझ्या नावावर आहेत, खिसा मात्र सगळा तुझा. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला सांगत की न वाचता सही करणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. मी सही करणार नाही.

आणि तो कोट बदल. त्यात आणखी एक ढब्बू मावेल. तुझ्या शिंप्याला माप घ्यायला शिकव.

राग आहे. लोभाला त्याने धक्का लागत नाही.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खुर्ची घेऊन वाचलं, कारण तुझी पत्रं उभ्याने सोसत नाहीत. चुकलं माझं, परक्यांसमोर तसं बोलायला नको होतं. पण लहानपणी तू माझ्याकडून बटणं रंगाप्रमाणे निवडून घ्यायचीस आणि दोन भोकांची, चार भोकांची सगळी एकाच डब्यात टाकायचीस, हे मी विसरलेलो नाही. कारखान्याचं तुला कळतं, असं मी कसं म्हणू?

चेनवाले ३० जूनपर्यंत थांबायला तयार आहेत. चौतीस कामगारांची देणी त्यात पुरती भागतात. तेवढी सही दे आणि जास्त विचारू नकोस. शिंपी बदलतो.

आहे तशीच माया ठेव.

ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथल्या कॉलेजात प्राचार्य आहे. तिला गाठून दुसऱ्या वर्षाच्या वित्त व्यवस्थापनाच्या वर्गात बसायची परवानगी काढली. प्राध्यापकांना मिसरूड फुटली आहे, एवढंच. शेजारची मुलगी मला कॅल्क्युलेटर शिकवते आणि मी तिला सरळ बसायला शिकवते.

नफ्यातला कारखानाही हातात रोकड नसेल तर बुडतो, हे कळलं. त्याहून महत्त्वाचं हे की आजचे शंभर आणि पुढच्या वर्षीचे शंभर एक नव्हेत. जे जितकं लांब, तितकं त्याचं मोल कमी धरायचं. यंत्र घ्यायचं का, हे ठरवताना ते दर वर्षी काय मिळवून देईल त्याचा एकेक रकाना मांडायचा, प्रत्येक आकडा घटवून आजच्या मोलावर आणायचा, बेरीज करायची आणि तीतून यंत्राची किंमत वजा करायची. काही उरलं तर यंत्र घ्यायचं. ढब्बू, हे काही डोक्यावरून जात नाही. कानाजवळून गेलं आणि मी पकडलं.

तो खिशातला कागद पाठव. नक्कल नको, तोच हवा.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे हिशेबनिसांकडून लिहवून घेतो आहे. हल्ली बोटांना मुंग्या येतात, वयाचं काहीतरी असेल. कागद सोबत आहे. पाठवू की नको, असं आठ दिवस केलं. लाल शाई बेताने वापर.

ढब्बू

१४ एप्रिल

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाल शाई वापरली आहे आणि बेताने नाही. तुझा घटवण्याचा दर बरोबर, बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, आणि तरी शून्य गुण. बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात छापलंय की यंत्र दहा वर्षं चालतं. तू रकाने मांडलेस दोन. दोन वर्षांत कोणतं यंत्र आपली किंमत फेडतं रे, पेन्सिलीला टोक काढायचं?

मी दहाच्या दहा रकाने मांडले. सहाव्या वर्षी यंत्राची किंमत फिटते आणि पुढची चार वर्षं निव्वळ मिळकत. प्राध्यापकांनी ते फळ्यावर काढलं, तुझी चूक शेजारी काढली, आणि पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आता त्याच खोलीत, त्याच वकिलांसमोर, मला माफी हवी. खोकल्यासकट.

जिंकलेली असले तरी तुझीच,

ताई

२२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे हिशेबनिसांना सांगता येण्यासारखं नाही, म्हणून स्वतः लिहितो. अक्षर सांभाळून घे.

तुझे दहा रकाने बरोबर आहेत. मीही आधी दहाच मांडले होते. मग आठ खोडले. ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले की दोन वर्षं, तीही नीट गेली तर. रक्ताचं दुखणं आहे. बोटांच्या मुंग्या औषधांनी येतात.

यंत्राला कर्ज लागेल आणि कर्जाला आपल्या दोघांची हमी. मी आहे तोवर हप्ते जातील. तिसऱ्या वर्षी बँकेचा माणूस तुझ्या दारात उभा राहील. तुला आपलं एक गिऱ्हाईकही माहीत नाही, तू पेन्शनमधून भरत बसशील. आत्ता विकलं तर कामगारांचंही भागतं आणि तुझ्यामागेही काही लागत नाही. तुझ्या डोक्यावरून जाईल म्हणालो ते खोटं होतं. कागद हातात दिला तर तुला तिथल्या तिथे कळेल, अशी भीती वाटली.

शिंप्याचा काही दोष नाही.

माफी मागतो. माया ठेव.

ढब्बू

२४ एप्रिल

चि. ढब्बूस अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी आलं. वर्गाला गेले नाही. तुझा कागद पुन्हा काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. दुसऱ्या रकान्यापलीकडे कागद खोडरबराने खरबरीत झालाय आणि तिथे तुझे आकडे अजून पुसट दिसतात, पार दहापर्यंत. त्यांच्यावरच मी शून्य काढलं होतं. कोट सैल झालेला मला दिसला होता, आणि मी शिंप्याला बोलले.

विक्रीच्या कागदांवर सही करून ते सोबत पाठवते आहे. प्रत्येक पान वाचून केली. नवव्या पानावर कामगारांची देणी साठ दिवसांत द्यायचं लिहिलंय. वकिलांना खोकणं थांबवून तिथे तीस करायला सांग. थांबायला लावलेल्या पैशाचं मोल घटतं, हे त्या चौतीस जणांना कोणी शिकवायची गरज नाही.

पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही. ऑक्टोबर ते एप्रिल, सात महिने तू एकट्याने खर्च केलेस. सर्वांत जवळचा काळ सर्वांत मोलाचा असतो, हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि नेमका तोच तू मला न विचारता संपवलास. मी काय फक्त कारखान्यातच निम्म्याची धनीण होते?

माझी पुढची खोली रिकामी केली आहे. पुस्तकं पलंगाखाली गेली, पलंग खिडकीशी आला. दवाखाना माझ्या चालीने दहा मिनिटांवर आहे, तुझ्या चालीने वीस धरू. मला वेळ आहे. बटणांचे दोन डबे येताना आण, या वेळी भोकं मोजून निवडू.

कोणत्या गाडीने येतोस, ते मला लेखी हवं. हिशेबनिसांच्या नाही, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, कितीही वाकडं आलं तरी. गुरुवार, ३० एप्रिल, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांच्या आत.

तुझी ताई